रुखवतातलं जहाज

१० फेब्रुवारी, सकाळी ६.१०
काल क्रांतीचा साखरपुडा झाला. जेवण बरं. बासुंदी पातळ. डोकं दुखतंय.

शकुंतला पहाटेपासून भांडी आपटतेय. कारण विचारलं तर म्हणाली, तुमाला म्हाईत हाय. मला काहीही माहीत नाही. पंगतीत मी एक वाक्य बोललो. फौजेतला मिळाला नाही म्हणून पाण्यातला घेतला. एवढंच. विनोद होता. आमच्याकडचे चाळीसएक लोक हसले. व्याही मानसिंगराव हसले नाहीत, पण सांगलीकरांना विनोद उशिरा कळतो. जावई राजवर्धन, जहाजावर नोकरीला आहे, ताटात बघत पुरीचे तुकडे करत बसला. क्रांती अर्ध्या जेवणावरून उठली. तेव्हापासून माझ्याशी सरळ बोलत नाही. आईला म्हणते, बाबांना सांग अंघोळीचं पाणी तापलंय. मी समोरच बसलोय.

माफीचा प्रश्नच नाही. बापानं लेकीची माफी मागावी असा कुठला जी.आर. निघालेला नाही. पण काहीतरी करायला पाहिजे. घर नासल्यासारखं झालंय.

दुपारी ४
सुचलं. रुखवत.

लग्नात मुलीकडचे लोक टेबलावर जे हातानं केलेलं मांडतात त्यात काय असतं, तर लोकरीचे ससे, खारकांचे नवरा-नवरी, थर्माकोलचं तुळशीवृंदावन. बघून किळस येते. मी जहाज मांडणार. नुसतं मांडणार नाही, पाण्यात चालवणार. रिमोटवर. जहाजाचं मॉडेल-किट आणायचं, जोडायचं, पोटात मोटर आणि रेडिओ बसवायचा. जावयाच्या पेशाचा भर मांडवात गौरव. मग वेगळं काही बोलायची गरज राहत नाही. जहाज फिरलं की क्रांतीला आपोआप कळेल.

रेडिओ हा माझा विषय. बावीस वर्षं फौजेच्या सिग्नल्समध्ये काढली. स्टोअरला होतो म्हणून काय झालं, हजारो सेट या हातातून गेले. एकही उघडून बघितला नाही, कारण नियमच तसा होता. कॉलनीत सगळे मला मेजर म्हणतात. रिटायर हवालदार म्हणून झालो हे खरं, पण लोकभावनेपुढं आपण काय बोलणार.

लग्न ११ मे, सांगलीत. नव्वद दिवस. भरपूर.

१३ फेब्रुवारी
ऑनलाइन किट बघितली. प्रत्येकावर स्केल लिहिलेलं असतं. १:५०, १:७२, १:३५०, १:७००. दहा मिनिटांत सिस्टीम समजली. आकडा मोठा, जहाज मोठं. लोक उगाच या गोष्टींचा बाऊ करतात. १:७०० मागवलं.

शकुंतलाला सांगितलं, वरच्या खोलीतली कॉट हलव, जागा लागेल. एकटीनं हलवली. माझी कंबर धरली होती.

२० फेब्रुवारी
पार्सल आलं. जहाज टूथब्रशएवढं. खोक्यात बाकी हवा.

शिवाय खालून सपाट. पाण्याखालचा भाग दिलेलाच नाही. टेबलावर ठेवण्यापुरतं. यात मोटर बसवायची तर मुंगीनं बसवावी लागेल. काय लोक काय विकतात.

शकुंतला म्हणाली, नकाशात असतंय तसंच की, एकाला सातशे म्हणजे सातशे पट बारीक. मी म्हटलं, नकाशे आमच्या कंपनीत दुसऱ्या माणसाकडे होते. तुला कुठून कळलं? म्हणाली, सत्तावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला की मी. मला वाटत होतं मराठी.

कॉट परत जागेवर. कंबर अजून धरलेलीच.

२६ फेब्रुवारी
कराडला जाऊन आलो. स्टँडजवळ गुंडा नावाच्या माणसाचं दुकान आहे. ड्रोन, रिमोटच्या गाड्या, असलं दुरुस्त करतो. शकुंतलानं कुणाकडून तरी पत्ता काढला होता. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे वायरींचा गुंता.

गुंडानं मोटर, बॅटरी, रेडिओचा रिसीव्हर आणि सुकाणू फिरवायची छोटी मोटर, असं सगळं एका पिशवीत घालून काट्यावर टाकलं. म्हणाला, मेजर, एवढं वजन पोटात घिऊन तरंगंल असलं किट घ्या. पोट रुंद पायजे. वरचं डेक उचलता आलं पायजे, न्हाईतर बॅटरी बदलायला हात कुठनं घालणार. बारीक, उंच, लय तोफाबिफा असलेलं घिऊ नका, वळताना कलंडतंय. मग शेवटी म्हणाला, पयल्या खेपंला टगच घ्या.

टग म्हणजे बंदरातली ओढबोट. मोठी जहाजं ओढायची आणि ढकलायची. बुटकी, ढब्बू, चारी बाजूंनी टायर लटकलेले. माझ्या मुलीच्या रुखवतात टायर.

बोलताना त्याचं एक बोट पूर्ण वेळ कानात होतं. मग तेच बोट मोटरवर. शिसारी आली. चहासुद्धा न घेता निघालो. म्हणजे घेतला, पण निम्मा.

४ मार्च
निवड चालू आहे. घाई करून चालत नाही.

शिडाचं लाकडी जहाज बघितलं. नऊशे तुकडे, दोरे वेगळे, आणि माहितीपुस्तक इटालियनमध्ये. दोरे ओवायला मी काय गजरे विकतो? प्रवासी जहाज लॉजसारखं दिसतं. मासेमारीची बोट रुंद आहे, डेक उचलता येतं, पण लग्नाचं जेवण शाकाहारी आहे. लाइफबोट तर लग्नात अपशकुनच. पाणबुडी पाण्याखाली जाते, मग लोकांनी बघायचं काय?

शकुंतला म्हणाली, आवं, पोरगं कसल्या जहाजावर हाय त्ये तरी इचारा आदी. म्हटलं, जहाजावर आहे हे मला पुरेसं आहे. म्हणाली, तीनदा सांगितलंय मी तुमाला. एकदाही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं.

११ मार्च
क्रांती बँकेतून आली आणि आईला म्हणाली, बाबांना सांग, राजवर्धन स्वतः मॉडेल बोटी बनवतो. कॉलेजपासून. शंका असतील तर फोन करा म्हणालाय, त्याला आवडेल. मी शेंगा फोडत होतो, दोन हातांच्या अंतरावर.

मी शकुंतलाकडे बघून म्हणालो, तिला सांग, मुलीच्या सासरचं आपण पाणीसुद्धा पीत नाही. माझ्या वडिलांनी पाळलं, मी पाळणार. आजी दुपारच्या उन्हात आत्याच्या गावाला गेली तरी घरून तांब्या भरून न्यायची. मग त्या घरची अक्कल मी कशी घ्यायची?

क्रांती म्हणाली, आईला, की लग्न अजून झालेलं नाही, मग ते सासर कसं. तरीही मी जिंकलो, कारण ती खोलीत निघून गेली.

१४ मार्च
निर्णय झाला. युद्धनौका. १:३५०. लांबी सत्त्याहत्तर सेंटिमीटर, तोफा मोजल्या नाहीत इतक्या. काय रुबाब. जावई फौजेत नाही गेला तरी रुखवत तरी फौजेतलं दिसेल.

गुंडाला फोन करून कळवलं. म्हणाला, मेजर, रुंदी किती हाय? म्हटलं, रुंदीचं काय घेऊन बसलास, लांबी ऐक.

२४ मार्च
किट आलं. सहाशेच्या वर तुकडे. माणसानं डोळे फोडून घ्यावेत अशी रचना. एक तोफ पोह्यात सापडली. माझ्याच.

रोज सकाळी दोन तास काम, असं ठरवलंय. फौजी शिस्त.

२ एप्रिल
शिस्त आजपासून. मधले आठ दिवस मार्च एंडमुळे गेले. मला मार्च एंड नसतो, पण वातावरण असतं.

७ एप्रिल
आज जोरात काम. डेक चिकटवलं. पक्कं. हातोडीनं निघणार नाही असं. शकुंतला आली आणि म्हणाली, मोटर आत बसवलीत?

मोटर टेबलावर होती.

चिडचिड झाली. बाई कामाच्या मधे येऊन बोलली की लक्ष उडतंच. आता मागच्या तोफेखाली चौकोन कापून हात घालावा लागेल. हात जात नाही. शकुंतलाचा जातो. तिनंच बसवली मोटर, बॅटरी आणि बाकीचं. गुंडा फोनवरून सांगत होता, ती करत होती. मी देखरेख केली. कापलेल्या चौकोनावर सेलोटेप.

१० एप्रिल
बाथरूममधल्या टबात पहिली चाचणी. जहाज तरंगलं. डाव्या कुशीवर.

शकुंतलाचा धान्य तोलायचा तराजू बरीच वर्षं पडून आहे, त्यातली दोन वजनं तळाशी टाकली. आता सरळ उभं राहतं, पण पाणी डेकच्या काठाला लागतं. युद्धनौका खोलच असतात.

१३ एप्रिल
आज राजवर्धनचं केळवण, आमच्या घरी. पुरणपोळी, कटाची आमटी. मुलगा जेवला चांगला. सासऱ्याला मामा म्हणायची रीत आहे, तो म्हणतो. मी हं म्हणतो.

बोलायला विषय पाहिजे म्हणून मी जहाजांच्या निवडीचं सांगितलं. गुंडा मला टग घ्यायला सांगत होता, हे रंगवून सांगितलं. टग म्हणजे बंदरातला बैल, म्हटलं. दुसऱ्याची जहाजं ओढायची, स्वतः कुठं जायचं नाही. घाणीत जन्म, घाणीत मरण. टायर लावलेली बोट रुखवतात ठेवली तर लोक म्हणतील मुलगी गॅरेजवाल्याला दिली.

शकुंतला आमटीच्या पातेल्यात बघत होती. मग राजवर्धन हसला. म्हणाला, बैल बरोबर आहे मामा, पण तो नसला तर मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. आणि मोबाइल पुढे केला. फोटोत तो. मागे टग. टायर लटकलेले. सहा वर्षं टगवर आहे म्हणे, आता त्याच्या हाताखाली चौघं असतात.

क्रांती ताटावरून उठली. ही दुसरी वेळ.

नंतर त्यानं टबातलं जहाज बघितलं. बोटानं डोलकाठी जराशी ढकलली. जहाज कलंडलं आणि परत यायला बराच वेळ घेतला. तो हळूच म्हणाला, वरच्या तोफा काढू या का मामा, वजन फार वर गेलंय. तोफा काढा म्हणणारा माणूस फौजेत गेला नाही ते देशाच्या दृष्टीनं बरंच झालं. मग म्हणाला, माझ्याकडे टगचं मॉडेल आहे, चालू, लग्नात तेच आणतो, तुम्ही चालवा, कुणाला काही सांगायची गरज नाही. म्हटलं, मुलीच्या सासरचं आम्ही पाणी पीत नाही. तो म्हणाला, हे प्यायचं नाहीये मामा, तरंगवायचंय. मुलगा उलट बोलत नाही, पण उत्तर देतो.

जाताना पाया पडला. त्या वेळी मला काहीतरी बोलायचं होतं. घशात पुरण अडकलेलं होतं.

१४ एप्रिल, सकाळी ५.३०
झोप नाही. माझं मलाच ओशाळं झालं, असं शकुंतला म्हणते. मला ओशाळं वगैरे होत नाही. पित्त झालंय.

तरी ठरवलं. युद्धनौका रद्द. टगच करायचा. त्याचाच टग, हुबेहूब. तो बघेल, क्रांती बघेल, प्रश्न मिटेल. सत्तावीस दिवस आहेत. गुंडाला विचारलं, म्हणाला, टगचं किट आज मागवा मेजर, आठ दिवसांत यील, दोन हप्त्यांत पाण्यात सोडतो. आता हयगय नाही.

१७ एप्रिल
टगची तीन किट आहेत. एकाचं स्केल १:३३, डेक उचलता येतं, पण रंग लाल. राजवर्धनचा निळा वाटला फोटोत. दुसरं १:५०, रंग बरोबर, पण धुराडं एकच. तिसऱ्याला धुराडी दोन पण टायर दिलेले नाहीत. आता टायर पाहिजेत.

धुराडी एक की दोन हे त्याला विचारलं तर एका मिनिटात कळेल, असं शकुंतला म्हणाली. ते मलाही कळतं.

२३ एप्रिल
निवड शेवटच्या टप्प्यात.

२९ एप्रिल
१:३३ मागवायचं ठरवलं. मागवायला गेलो तर डिलिव्हरी १४ मे. लग्नानंतर तीन दिवसांनी. अरे, या देशात एखादं काम वेळेवर होतं का? लोक झोपा काढतात आणि तारखा पुढे ढकलतात. वीट आला.

माघार घेणं फौजेच्या परंपरेत बसत नाही. युद्धनौका कायम.

५ मे
मानसिंगरावांचा शकुंतलाला फोन. जहाजाच्या पाण्यासाठी काय लागेल असं विचारत होते. गुऱ्हाळावरची काहील आणवतो म्हणाले, गूळ करायची, आठ फुटी, हंगाम संपलाय, रिकामीच पडलीय. शकुंतलानं हो म्हणून टाकलं. भांडं त्यांचं, पण पाणी मी हॉलच्या नळाचं भरायला लावणार. तत्त्व म्हणजे तत्त्व.

क्रांतीला सांगायचं वाक्य तयार केलं. फार मोठं नाही. क्रांती, त्या दिवशी मी चुकलो. पाच शब्द. जहाजाची एक फेरी झाली, टाळ्या झाल्या, की त्या गडबडीत म्हणून टाकायचं. आरशासमोर म्हणून बघितलं. तिसऱ्या शब्दाला खोकला येतो.

११ मे, सांगली, संध्याकाळी ७
लग्न लागलं. हॉलमध्ये उकाडा. सगळ्यांचे हात घामट आणि तेच हात सगळ्यांच्या हातात. पनीरची भाजी गोड. सांगलीला भाजी गोड का लागते, देव जाणे.

जहाजाबद्दल. अक्षतांच्या आधी तासभर काहील भरली. बाजूला शकुंतलानं पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात लिहिलेलं, युद्धनौका, निर्मिती वधूपिता. दीडशे माणूस गोळा. वऱ्हाडातली पोरं काहिलीच्या काठावर. मानसिंगराव खुर्ची सोडून उभे राहिले. राजवर्धन मुंडावळ्यांसकट आला, शेजारी क्रांती, शालूत. तिनं माझ्याकडे बघितलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा सरळ.

मी रिमोट हातात घेतला. जहाज चाललं. हे इथं स्पष्ट नमूद करतो. जहाज चाललं. साधारण तीन फूट, एकदम दिमाखात. टाळ्या. मी वळवलं. ते वळलं, कलंडलं, कलंडलेलंच राहिलं, सेलोटेप सुटला आणि दोन वजनं, बॅटरी आणि सर्व तोफांसह खाली गेलं. बुडबुडे बराच वेळ येत होते.

मी तत्काळ जाहीर केलं की ही पाणबुडी आहे.

पोरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. एक बारका विचारत होता, वर कवा येणार. मोठ्या माणसांनी पुठ्ठा वाचला.

राजवर्धननं शेरवानीची बाही वर केली, कोपरापर्यंत हात घातला आणि जहाज वर काढलं. निथळत होतं. मला वाटलं आता हसेल. माझ्या विनोदाची परतफेड करायची त्याला याहून चांगली संधी नव्हती, दीडशे साक्षीदार होते. तो मोठ्यानं म्हणाला, मोटर एक नंबर बसवलीय मामा, एवढी सफाईदार फिटिंग मी नाही केली कधी. आणि जहाज पुसून रुखवताच्या टेबलावर मधोमध ठेवलं. मोटर शकुंतलानं बसवली होती. ती पुठ्ठा सरळ करायला लागली, मी मान डोलावली.

क्रांती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. हळद आणि घाम आणि मोगरा, असा वास. थांबली होती. मला कळत होतं ती थांबलीय. मी म्हणालो, काहील उथळ आहे.

पाठवणीला पुन्हा संधी होती. ती पाया पडली, मी खांद्याला धरून उठवली. म्हणालो, क्रांती, त्या दिवशी. इथपर्यंत व्यवस्थित झालं. मग म्हणालो, त्या दिवशी म्हणजे टेस्टिंगच्या दिवशी टबात बरोबर चाललं होतं.

ती हो म्हणाली. गाडीत बसली.

१४ मे
घर रिकामं. तिची खोली शकुंतलानं झाडली आणि आत बसून राहिली. मी दोनदा दारापर्यंत गेलो, काहीतरी बोलायला. दोन्ही वेळा पंख्याचं बटण बंद करून आलो.

नवरा-नवरी दोन दिवस सांगलीत राहून थेट बंदराच्या गावी गेली. त्याची सुट्टी संपली.

संकल्प: उद्या सकाळी दहाला फोन. सरळ विषयावर यायचं. हवापाण्याच्या गप्पा नाहीत.

१५ मे
दहाला ती कामात असेल. उद्या.

१७ मे, दुपारी १.४०
तिचाच फोन आला. शकुंतलानं उचलला, दोन मिनिटं बोलली आणि काही न विचारता माझ्या कानाला लावून आत निघून गेली.

क्रांती म्हणाली, बाबा. सरळ. मधे आई नाही. म्हणाली, राजवर्धनबरोबर टगवर जाऊन आले, खूप हलतं, मला उलटी झाली, त्याच्या लोकांनी लिंबू दिलं. मी हं म्हणालो. मग म्हणाली, बाबा, साखरपुड्यातलं ते तुमच्या मनात असेल तर काढून टाका. आम्ही दोघं विसरलो ते.

पाच शब्द तोंडात होते. खोकला नव्हता. खोलीत कुणी नव्हतं.

मी म्हणालो, साखरपुड्यात काय झालं होतं?

तिकडे लांब कुठंतरी भोंगा वाजत होता. मग म्हणाली, काही नाही बाबा. जेवलात का?

म्हटलं, जेवलो.

अजून जेवलो नव्हतो.